स्टोमाची पिशवी मागण्याआधी माप का घ्यायचं?

स्टोमाचं, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून मल पिशवीत घ्यायचं ऑपरेशन मुंबईला किंवा कोल्हापूरला होतं. रुग्ण गुहागर, दापोली, खेडकडे आपल्या गावी येतो आणि पंधरवड्यात घरचं कुणीतरी डिस्चार्जचा कागद घेऊन चिपळूणला आमच्या दुकानात येतं. "यावर लिहिलेलीच पिशवी द्या, महिन्याभराची." आम्ही लगेच देत नाही. आजचं माप विचारतो, रुग्णाच्या घरी फोन लावायला सांगतो. एसटीने दोन तास खर्चून आलेल्या माणसाला राग येणारच, म्हणून कारण इथे लिहून देतो.

ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढच्या ६ ते ८ आठवड्यांत सूज उतरते आणि तो बराच आक्रसतो. कागदावरचा आकडा त्या सुजेच्या दिवसांतला असतो. पोटाला चिकटणाऱ्या प्लेटला तेवढंच भोक कापत राहिलात तर स्टोमाच्या कडेने कातडी उघडी पडते आणि मल तिच्यावर साचतो. इलिओस्टोमी असेल, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं असेल, तर त्या पातळ मलात पाचकरस असतात आणि ते कातडी सोलून काढतात. कातडी ओली झाली की प्लेट धरत नाही. प्लेट सुटली की गळतं, आणि गळलं की कातडी आणखी सोलते. मग घरचे चिकटपट्ट्या मारतात, आग थांबावी म्हणून खोबरेल लावतात, अंगाची पावडर टाकतात. तेलावर आणि त्या पावडरीवर प्लेट मुळीच चिकटत नाही. शेवटी आम्हाला फोन येतो, "माल खराब निघाला." माल बहुतेक वेळा चांगला असतो, भोक मोठं कापलेलं असतं.

मापाचं कार्ड आमच्याकडे फुकट मिळतं. सकाळी चहाच्याही आधी बदलायला बसा, तेव्हा मल कमी येतो. एका हाताने कातडी दाबून धरा आणि प्लेट वरून खाली हळूहळू सोडवा. कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा. कार्डावरचं जे भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटर मोठं, ते तुमचं माप. स्टोमा लांबट असेल तर तोच आकार प्लेटच्या कागदावर पेनाने काढून कापा. कापलेली कड बोटाने गुळगुळीत करा, आणि लावल्यावर तळहात मिनिटभर वर ठेवा. उबेने चिकट नीट धरतो. पहिले दोन महिने दर आठवड्याला माप घ्या.

पुसताना थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. स्टोमा काळा-जांभळा पडला, किंवा इलिओस्टोमी काही तास वाहायची थांबून पोटात कळा आल्या, तर आमची वाट न बघता सर्जनना गाठा. फणस, काजू, ओल्या खोबऱ्याचे तुकडे सुरुवातीचे आठवडे इलिओस्टोमीवाल्यांनी टाळावेत, ते अडकतात.

"घरी सिस्टर मिळेल का?" हे सगळेच विचारतात. ब्युरोकडून येणारी मावशी अंघोळ घालेल, पिशवी रिकामी करेल. तिचं काम मोलाचं आहे. पण सोललेली कातडी, आत ओढला गेलेला स्टोमा, शेजारी आलेला हर्निया ओळखायला स्टोमाचं शिक्षण घेतलेली नर्सच लागते, आणि अशा नर्स गावोगाव नसतात. म्हणून डिस्चार्जच्या आधीच वॉर्डात विचारा: स्टोमा नर्स कोण, फोन कुठे करायचा, परत कधी दाखवायचं. परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. मुंबईचीच ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया १९७५पासून काम करते. तिथे स्वतः पिशवी वापरणारी माणसं बोलायला भेटतात, आणि पहिल्या महिन्यात तो आधार औषधाइतका लागतो.

आमच्या शिकलेल्या सिस्टर ठरलेल्या दिवशी घरी येतात. भेटीचे पैसे वेगळे घेतो, कारण त्या पिशवी विकायला येत नाहीत. घरच्यांच्या हातून एकदा बदलून घेतल्याशिवाय त्या उठत नाहीत. माल दुसरीकडून घेत असलात तरी बोलवा.

माप स्थिरावलं की मात्र साठा जरूर करा. पावसात कुंभार्ली घाट बंद पडला की माल अडकतो, तेव्हा जूनच्या आधी दोन-तीन आठवड्यांचा जादा माल घरात हवा. तो चुलीजवळ किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, चिकट वितळतो. प्लेट आणि पिशवी वेगळी असेल तर दोन्ही एकाच कंपनीच्या घ्या. फोडलेलं पाकीट परत घेता येत नाही.

कार्ड हाताशी नसेल तर उजेडात, समोरून फोटो काढून पाठवा. पोटावर स्टोमाच्या शेजारी १० रुपयांचं स्वच्छ नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून आम्हाला अंदाज येतो.