टी-लहर नेमकी संपते कुठे?

टर्फेनॅडिन ही ॲलर्जीवरची गोळी ऐंशीच्या दशकात फार खपायची, कारण ती घेतली तरी झोप येत नसे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका ३९ वर्षांच्या बाईची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ती या गोळीबरोबर बुरशीवरचं किटोकोनॅझोलही घेत होती. त्यामुळे यकृतात टर्फेनॅडिनचं विघटन होईना, ते रक्तात साठलं आणि हृदयपेशींतून पोटॅशियम बाहेर पडण्याची वाटच त्याने अडवली. हृदयाची लय बिघडून तिला भोवळ येऊ लागली. १९९८ मध्ये ही गोळी अमेरिकेच्या बाजारातून गेली.

असा धोका ईसीजीवर ‘क्यूटी’ या अंतरात दिसतो. ठोक्यासाठी विजेची लाट खालच्या कप्प्यांत शिरल्यापासून ते कप्पे पुढच्या ठोक्याला तयार होईपर्यंतचा हा वेळ, साधारण ४०० मिलिसेकंद. तो ५०० च्या पुढे गेला की डॉक्टर सावध होतात. पण नव्या औषधाच्या चाचणीत, २००५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेनुसार, सरासरी ५ मिलिसेकंदांच्या आसपासची वाढसुद्धा शोधावी लागते. ईसीजीच्या कागदावर ५ मिलिसेकंद म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. पेन्सिलची रेघसुद्धा याहून जाड असते!

क्यूटीचा शेवट म्हणजे टी-लहरीचा, ईसीजीवरच्या प्रत्येक ठोक्यातल्या शेवटच्या उंचवट्याचा, शेवट. त्यात ही लहर डोंगराच्या उतारासारखी हळूहळू सपाटीला मिळते. ती कुठे संपली यावर दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही. संगणक बरेच ठोके एकमेकांवर ठेवून त्यांतून एक प्रातिनिधिक ठोका काढतो. मग एका पद्धतीत टी-लहरीच्या सर्वांत तीव्र उतारावर स्पर्शरेषा ओढतो. ती पायारेषेला छेदते तिथे लहर संपली असं धरतो. हे उत्तर ‘खरं’च असेल असं नाही. पण तो दर वेळी त्याच नियमाने मोजतो, आणि औषधाआधीच्या व नंतरच्या मापांची वजाबाकी केली की त्याची नेहमीची चूक बरीचशी निघून जाते. माझ्या मते त्याचं खरं मोल इथेच आहे.

मात्र पोटॅशियमची वाट अडवणारं औषध टी-लहरीचा आकारही बदलतं. ती चपटी होते, कधी तिला खाच पडते. मग आधीची चूक आणि नंतरची चूक सारखी राहत नाही. म्हणूनच शंकास्पद आलेख तज्ज्ञाने डोळ्यांखालून घालायलाच हवेत.

खुद्द चाचणीचीही परीक्षा होते. सहभागींना कधीतरी मॉक्सिफ्लॉक्सासिन देतात. हे प्रतिजैविक क्यूटी थोडंसं वाढवतं, हे आधीच ठाऊक आहे. ती वाढ मापात उमटली नाही, तर नव्या औषधाबद्दलचा ‘सुरक्षित’ हा निकाल ग्राह्य धरत नाहीत.