द स्टोरी ऑफ ॲन अवर (लघुकथा)

'द स्टोरी ऑफ ॲन अवर' ही अमेरिकन लेखिका केट शोपॅन (१८५०–१९०४) हिची इंग्रजी कथा. एप्रिल १८९४ मध्ये लिहिली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला 'व्होग' या नियतकालिकात छापून आली, तेव्हा तिचं नाव होतं 'द ड्रीम ऑफ ॲन अवर'. जेमतेम हजार शब्दांची कथा, चहा गार व्हायच्या आत वाचून होते, पण लग्नातलं बाईचं स्वातंत्र्य आणि आयरनी (म्हणजे वाटतं एक आणि निघतं नेमकं उलट) या दोन्ही गोष्टी शिकवायच्या म्हटलं की आजही हीच कथा आधी काढली जाते.

गोष्ट अशी. लुईस मॅलर्डला हार्टचा त्रास आहे. तिचा नवरा ब्रेंटली रेल्वे अपघातात गेल्याची बातमी येते, नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स नेमका वर्तमानपत्राच्या ऑफिसात असतो, तो दुसऱ्या तारेने खात्री करून घेतो आणि मगच धावत घरी येतो. बहीण जोसेफिन अडखळत, आडून आडून तिला सांगते. लुईस तिथेच बहिणीच्या मिठीत हमसून रडते आणि मग वर खोलीत एकटी जाते, कोणाला सोबत येऊ देत नाही. तासाभराने ती खाली उतरत असते तोच दार लॅचकीने उघडून ब्रेंटली आत येतो, हातात बॅग आणि छत्री, प्रवासाने मळलेला, अपघाताच्या जागेपासून तो लांबच होता आणि अपघात झाल्याचं त्याला माहीतही नाही. लुईस जागच्या जागी मरते. डॉक्टर येऊन सांगतात, हृदयविकार, आनंद सहन झाला नाही.

कथेचा खरा जीव त्या वरच्या खोलीत आहे. उघड्या खिडकीसमोर आरामखुर्ची, बाहेर वसंतात पालवलेली झाडं, पावसाचा वास, रस्त्यावर ओरडणारा फेरीवाला, लांबून कोणाचं तरी गाणं, वळचणीला चिमण्या. सुतकाच्या घरात असं बाहेरचं चित्र कोणी रंगवत नाही, शोपॅनने मुद्दाम रंगवलंय. लुईसला जाणवतं की आपल्याकडे काहीतरी चालून येतंय, ती घाबरते, आधी ते परतवायला बघते, आणि मग तोंडातून हळूच निघून जातं की मी मोकळी झाले. नुसतं एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कालपर्यंत आयुष्य लांबलचक असेल या विचाराने जिच्या अंगावर काटा यायचा तीच आता दीर्घायुष्य मागते. इथे एक बारीक गोष्ट सहज सुटते: तोवर ती फक्त मिसेस मॅलर्ड असते, तिचं लुईस हे नाव पहिल्यांदा कानावर पडतं ते यानंतर, जोसेफिन बंद दाराबाहेरून हाका मारते तेव्हा. आणि ब्रेंटली दारात उभा राहिला की ती परत कोणाची तरी बायको.

नवरा दुष्ट वगैरे अजिबात नाही, आणि माझ्या मते सगळ्यात धाडसी भाग हाच आहे. मारझोड नाही, बाहेरख्यालीपणा नाही, त्याचे प्रेमळ हात आठवून आपण परत रडणार हेही तिला माहीत आहे. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, कधी कधी, बऱ्याचदा नव्हतं. तिचा आक्षेप एवढाच की एका माणसाने आपली मर्जी दुसऱ्यावर लादायची हा हक्कच चूक, हेतू चांगला असो नाहीतर वाईट. जुलमी नवऱ्याची गोष्ट असती तर वाचक हळहळून मोकळा झाला असता, इथे बोट थेट लग्नाच्या व्यवस्थेकडेच जातं.

आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर वैधव्यात कसलं स्वातंत्र्य असं वाटतं, कारण त्याच काळात इकडे अनेक घरांत विधवेचं केशवपन होत होतं आणि कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्यावर बहिष्कार पडला होता. अमेरिकेत गणित वेगळं होतं. इंग्लंडकडून आलेल्या जुन्या कायद्यात लग्न झालं की बाईचं कायद्यातलं वेगळं अस्तित्वच नवऱ्यात विरून जायचं, मालमत्ता, करार सगळं त्याच्या हातात. १८९४ पर्यंत बऱ्याच राज्यांनी हे सैल केलं होतं तरी वहिवाट तीच होती. विधवा मात्र स्वतःच्या नावाने व्यवहार करू शकायची.

शोपॅनने हे घरातच पाहिलं होतं. ती पाच वर्षांची असताना, १८५५ मध्ये, मिसूरीत गॅस्कोनेड नदीवरचा पूल कोसळून नवीन लाइनची पहिली गाडी खाली गेली आणि त्यात तिचे वडील गेले. आईने परत लग्न केलं नाही, घरात आजी आणि पणजीही विधवाच. पुढे १८८२ मध्ये तिचा स्वतःचा नवरा ऑस्कर वारला, सहा मुलं आणि डोक्यावर कर्ज, तर लुइझियानातलं दुकान आणि शेतीवाडी तिने काही काळ स्वतः चालवली आणि मग माहेरी सेंट लुइसला परतली. लिखाण त्यानंतरचं.

आयरनी म्हटलं की सगळे शेवटच्या वाक्यावर जातात, पण ती आधीपासून पेरलेली आहे. रिचर्ड्सने खात्री केलेली बातमी खोटी निघते. बहीण तिच्या हार्टला जपते ते दुःखापासून, धोका येतो भलत्याच बाजूने. जोसेफिन दाराबाहेर विनवते की आजारी पडशील, आणि आत लुईस आयुष्यात पहिल्यांदा नीट श्वास घेत असते. शेवटी रिचर्ड्स झटकन मध्ये येऊन ब्रेंटलीला तिच्या नजरेआड करायला जातो, तोही उशिरा. डॉक्टरांचं निदान तर घरातल्या सगळ्यांना पटणारं आहे, फक्त वाचकाला माहीत असतं की आनंद झाला होता खरा, पण तो गेल्यामुळे ती मेली. अर्थात लुईस आपमतलबी आहे, तासाभराच्या भ्रमात आहे असंही काही समीक्षक म्हणतात. मला ते पटत नाही, पण शोपॅनने शेवटच्या परिच्छेदांत तिच्या मनात डोकावणं पूर्ण बंद केलंय त्यामुळे वाद मिटत नाही.

१८९९ च्या 'द अवेकनिंग' या कादंबरीवर नैतिकतेच्या नावाखाली जोरदार टीका झाली आणि मृत्यूनंतर शोपॅन बरीचशी विस्मरणात गेली. १९६९ मध्ये नॉर्वेचे अभ्यासक पेर सायरस्टेड यांनी तिचं समग्र लेखन संपादित केलं, स्त्रीवादी चळवळही तेव्हा जोरात होती, आणि ही कथा अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वर्गात पोचली ती तेव्हापासून.