ईसीयू बदलला म्हणजे नेमकं काय बदललं?

रील्समधे ती डबी बघितलीच असेल, स्टेअरिंगखालच्या, बिघाड तपासायच्या ओबीडी सॉकेटात खुपसायची, लाईट लुकलुकते आणि म्हणे पिकअप पण वाढतो, मायलेज पण. असल्या बऱ्याच स्वस्त डब्या लोकांनी उघडून बघितल्यात, आत लाईट लुकलुकवायच्या सर्किटपलीकडं काही नाही. बंपरला लिंबू-मिरची, आत डबी, गुण सारखाच.

ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि खरा आफ्टरमार्केट, म्हणजे कंपनीचा काढून बाहेरून बसवलेला ईसीयू हे वेगळं प्रकरण आहे. हालटेक, मोटेक असले महागडे, नाहीतर अर्दुइनो या छोट्या स्वस्त सर्किट बोर्डावर चालणारा स्पीडुइनो, जो बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या सोल्डरिंग येणाऱ्या पोरांना पण जोडता येईल. ईसीयू मुख्य दोन गोष्टी ठरवतो, पेट्रोल किती आणि ठिणगी कधी. पेट्रोलचं सोपं आहे, १ किलोला साधारण १४.७ किलो हवा, पूर्ण ताकद पाहिजे तर १३ च्या खाली. मजा आहे ती ठिणगीत.

पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते, कारण आत स्फोट होत नाही, ज्वाळा प्लगपासून पसरत जाते आणि त्याला वेळ लागतो, समजा २ मिलिसेकंद. १००० आरपीएमला (मिनिटाला १००० फेरे) तेवढ्यात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, १२ अंश फिरतो. ६००० ला ७२! एवढ्या आधी पेटवलं तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा दणका. पण प्रत्यक्षात ३० च्या आसपास भागतं, कारण इंजिन जोरात फिरलं की आतलं मिश्रण जास्त घुसळतं आणि ज्वाळा पण तेवढीच जोरात पळते, नाहीतर रेसिंग इंजिनं झालीच नसती.

जुन्या अॅम्बेसेडरला मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचा, बोल्ट ढिला करून तो हातानं फिरवत टायमिंग लावायचे, वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी आणायचं काम आतली वजनं आणि स्प्रिंगा करायच्या. आता तक्ता असतो, एकीकडं आरपीएम, दुसरीकडं मॅप सेन्सरनं मोजलेला मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब, प्रत्येक घरात अंश. क्रँक कुठं आहे हे कळतं दात्यांच्या चाकावरून, बऱ्याच गाड्यांत ६० पैकी २ दाते मुद्दाम गाळलेले, ती फट आली की मोजणी परत पहिल्यापासून. गोव्याहून चोर्ला घाट चढून बेळगावात आलात की साधारण ७५० मीटर उंची, हवेचा दाब ८-९ टक्के कमी, म्हणजे तीच गाडी तक्त्यातल्या दुसऱ्या घरांत चालते.

ट्यूनिंग म्हणजे हे आकडे डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, एकेक अंशानं सरकवत बघणं. ठिणगी आणखी आधी नेताना ताकद वाढायची थांबली की थांबायचं, पण फुल लोडला बऱ्याचदा त्याआधीच नॉकिंग येतं, ज्वाळा पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, टणटण आवाज येतो आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनची वाट लागते. बिनटर्बोच्या गाडीत कंपनीनं फार काही शिल्लक ठेवलेलं नसतं, नुसता ईसीयू बदलून थोडकंच मिळतं. टर्बो असला तर बूस्ट, म्हणजे टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब, वाढवून खरंच फरक पडतो, मग क्लच आणि गिअरबॉक्सला ते झेपतं का ते आधी बघा, वॉरंटी तर गेलीच म्हणून समजा.