रिंगवाला पिस्टन आणि लॅप केलेला पिस्टन: दोघांना एकच माप लावू नका

"पिस्टन बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भोकात) किती टाइट ठेवायचा?" हा प्रश्न घरच्या लेथवर मॉडेल इंजिनं, म्हणजे खरोखर चालणारी छोटी इंजिनं, करणारे मला सारखा विचारतात, आणि दर वेळी तो अर्धाच असतो. पिस्टन कोणता, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही. २० मिलिमीटर बोअरच्या एका मॉडेल इंजिनात व्यासावर ५ मायक्रॉन क्लिअरन्स (मोकळी फट; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बरोबर असतो. तेवढ्याच बोअरच्या दुसऱ्या इंजिनात ५० मायक्रॉन ठेवले तरी कधी कधी कमी पडतात. तरीही एकाचा आकडा उचलून दुसऱ्याला लावणं काही थांबत नाही. मग ॲल्युमिनियमचा पिस्टन दोन मिनिटं चालून सीझ होतो (बोअरमध्ये घट्ट अडकतो), नाहीतर बिडाचा (कास्ट आयर्नचा) पिस्टन कॉम्प्रेशनच धरत नाही. दोष मात्र लेथला दिला जातो.

रिंगवाला पिस्टन तुम्हाला माहीत आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला. तिथे, चिकलठाण्यात किंवा शेंद्र्यात ज्यांनी मशीनवर काम केलं, किंवा शेतातलं डिझेल इंजिन कधी खोललेलं पाहिलं, त्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको. ॲल्युमिनियमचं अंग, वरच्या बाजूला खाचा, खाचांत बिडाच्या रिंगा, मधून आरपार पिन. मॉडेल इंजिनात हेच सगळं लहान होतं. रिंग एक किंवा दोन असतात, आणि ऑइल रिंग बहुतेक वेळा नसतेच.

लॅप केलेल्या पिस्टनला रिंग नसते. खाच नसते. बारीक पावडरीने घासून (लॅप करून) मापाला आणलेला बिडाचा गुळगुळीत दंडगोल, स्टीलच्या किंवा बिडाच्या सिलिंडरमध्ये. लहान ग्लो इंजिनं (लाल तापलेल्या तारेच्या प्लगने पेटणारी), ईथरवर चालणारी मॉडेल डिझेल इंजिनं, गरम हवेवर चालणारी हॉट एअर इंजिनं यांत तो दिसतो. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं, रिंग बसवायची राहून गेली.

आता मुद्द्यावर येतो. गॅस कोण अडवतं, हा या दोघांतला खरा फरक आहे.

रिंगवाल्या इंजिनात पिस्टन गॅस अडवत नाही. ते काम रिंगचं. पिस्टन फक्त रिंगला धरून वर-खाली नेतो आणि दाब कनेक्टिंग रॉडला देतो. जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज इंजिनिअरने १८५०च्या दशकात वाफेच्या इंजिनांसाठी कापलेली स्प्रिंगसारखी रिंग आणली, तेव्हापासून ही विभागणी चालत आली आहे. रिंगचा स्वतःचा ताण थोडाच असतो. सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या माथ्याच्या कडेने खाली येतो, खाचेत शिरतो, रिंगच्या पाठीमागे जातो आणि तिला भिंतीवर दाबून धरतो. म्हणजे दाब जितका वाढेल तितकी रिंग घट्ट बसते. पण त्यासाठी गॅसला तिथवर जायला वाट लागते. म्हणून माथ्याच्या कडेला सैलपणा हवा आणि रिंग खाचेत मोकळी हलायला हवी. लहान इंजिनात खाचेच्या रुंदीत २० ते ३० मायक्रॉन मोकळे ठेवले तरी पुरतात.

लॅप केलेल्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फटच गॅस अडवते. ती इतकी बारीक असते आणि तेलाने इतकी भरलेली असते, की एका स्ट्रोकच्या वेळात फारसा गॅस त्यातून निसटू शकत नाही. इथे पिस्टनचं प्रत्येक मायक्रॉन कामाचं आहे. गोलाई बिघडली, टेपर (निमुळतेपणा) आला, एखादी चीर राहिली, की कॉम्प्रेशन गेलं. झाकायला रिंग नाही.

म्हणूनच "रिंग पण घालतो आणि पिस्टन पण टाइट ठेवतो, डबल सेफ्टी" हे ऐकलं की मला राग येतो. त्यात सेफ्टी काही नाही. टाइट माथा रिंगकडे जाणारी वाट बंद करतो, आणि पिस्टनचा सगळ्यात गरम भाग तोच असल्यामुळे आधी तोच सिलिंडरला धरतो. रिंग घालायची ठरवली असेल तर पिस्टन सैल करायची हिंमत ठेवा.

किती सैल, हे उष्णतेने ठरतं. गणित सोपं आहे, कागदावर करून पाहा. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, स्टील साडेअकरा-बारा, बीड साडेदहा-अकरा. समजा २० मिलिमीटरच्या इंजिनात पिस्टन १३० अंशांनी तापला आणि सिलिंडर १०० अंशांनी. ॲल्युमिनियमचा पिस्टन ६० मायक्रॉन फुगेल, स्टीलचा बोअर २३ मायक्रॉन उघडेल. म्हणजे थंड असताना ठेवलेल्या क्लिअरन्समधले ३६-३७ मायक्रॉन गेले. वर तेलाच्या थराला जागा हवी. म्हणून स्कर्टला (माथ्याखालच्या अंगाला) ५० ते ८० मायक्रॉन आणि माथ्याला त्याहून जास्त, १०० मायक्रॉनच्या पुढे. बिडाचा पिस्टन त्याच तापमानाला २७ मायक्रॉन वाढतो. बोअर उघडला २३. फरक ४ मायक्रॉनचा. म्हणूनच बिडाला ५-७ मायक्रॉनवर बसवता येतं. बीड आणि स्टील ही जोडी जुन्या लोकांनी धरली ती याच कारणाने.

इथे कोणीतरी हमखास विचारतं, "मग एबीसी (ॲल्युमिनियम-ब्रास-क्रोम) इंजिनात पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि रिंगही नाही, ते कसं चालतं?" चालतं, कारण तिथे सिलिंडर क्रोम केलेल्या पितळेचा असतो. पितळ सुमारे १९ च्या दराने वाढतं, आणि पिस्टनच्या मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर घालून त्याची वाढ पितळेच्या जवळ आणलेली असते. शिवाय बोअर वरच्या टोकाला किंचित निमुळता ठेवतात. थंड असताना पिस्टन वर अडकल्यासारखा वाटतो, आणि गरम झाल्यावर सिलिंडर वर उघडून फिट बरोबर येतं. हार्ड क्रोमचा थर आणि तो टेपर घरच्या लेथवर जमवणं पहिल्या-दुसऱ्या इंजिनाचं काम नाही. बाजारातलं एबीसी इंजिन पाहून स्टीलच्या सिलिंडरमध्ये साध्या ॲल्युमिनियमचा पिस्टन ५ मायक्रॉनवर बसवू नका. ते सीझ होणारच.

आता लॅपिंगबद्दल. गॅरेजात व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टचा डबा असतो, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. ती पेस्ट लावून पिस्टन त्याच्याच सिलिंडरमध्ये घासत बसणं म्हणजे लॅपिंग, असा समज आमच्याकडे पक्का बसला आहे. हे साफ चूक आहे. ४०० नंबरच्या पावडरीचा कण साधारण १७ मायक्रॉनचा. तो पिस्टनच्या दोन्ही बाजूंना मावायचा म्हणजे व्यासावर तीस-पस्तीस मायक्रॉन उघडल्याशिवाय राहत नाहीत. मग ५ मायक्रॉनचं फिट येणार कुठून? वर दोन्हीकडे बेलमाउथ होतो (तोंड कर्ण्यासारखं पसरतं) तो वेगळाच. बोअरसाठी वेगळा लॅप (घासायचं हत्यार) करा: ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा, मधून चिरलेला, स्क्रूने फुगणारा. पिस्टनसाठी वेगळी चिरलेली रिंग, बाहेरून आवळता येणारी. लॅप नेहमी जॉबपेक्षा (ज्या तुकड्यावर काम करतो त्यापेक्षा) मऊ हवा, म्हणजे कण लॅपमध्ये रुततात आणि जॉबला कापतात. याच कारणाने ॲल्युमिनियमच्या पिस्टनला पेस्ट कधीच लावू नका. कण पिस्टनमध्ये रुततील आणि इंजिन चालेल तोवर सिलिंडर खात राहतील. सिलिंडर आधी पूर्ण करा, मग त्याच्या मापाला पिस्टन आणा. टर्निंगनंतर लॅपिंगसाठी १० ते १५ मायक्रॉन पुरे. शेवटी रॉकेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा. पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांत फिरवायचे ते फक्त तेलावर.

लेथवर जॉब तीन जबड्यांत धरणाऱ्या थ्री-जॉ चकचाही एक धोका आहे, आणि तो लॅप केलेल्या पिस्टनलाच जास्त भोवतो. पातळ स्कर्ट चकमध्ये आवळून टर्न केला की सोडल्यावर तो तीन कोपऱ्यांचा होतो. मायक्रोमीटर समोरासमोरच्या दोन बिंदूंवर मोजतो, त्यामुळे तीन कोपऱ्यांचा जॉब त्याला सगळीकडून सारखाच दिसू शकतो. माप बरोबर आणि पिस्टन गळका, हे कोडं बहुतेक वेळा असंच घडतं. बार लांब ठेवा, बाहेरचं टर्निंग, आतलं बोअरिंग, पिनचं भोक सगळं बारवरच उरका आणि पार्टिंग (बारपासून कापून वेगळं करणं) सगळ्यात शेवटी.

मोजताना तापमानाकडे लक्ष द्या. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ आणि दुपार यांत १२-१५ अंशांचा फरक सहज पडतो. २० मिलिमीटरचं ॲल्युमिनियम दहा अंशांना साडेचार मायक्रॉन वाढतं, बीड दोन. नुकताच टर्न केलेला जॉब तर हाताला चटका देतो. रिंगवाल्या पिस्टनला हे चालून जातं. लॅप केलेल्यासाठी सिलिंडर, पिस्टन आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच टेबलावर ठेवा आणि सकाळी मोजा.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. बिडाचा पिस्टन जड असतो, म्हणून आतून पातळ करावा लागतो. ओतलेल्या बिडाची वरची साल कडक आणि वाळूची असते, तेव्हा पहिला कट खोल घ्या, नाहीतर टूलची धार जाते. बिडाच्या पिस्टनलाही रिंग घालता येते, त्यामुळे धातू पाहून प्रकार ठरवू नका. बोअर साधारण २०-२२ मिलिमीटरच्या वर गेला की मी रिंगच घालीन, त्याखाली लॅप. हॉट एअर इंजिनात मात्र रिंगचं घर्षण परवडत नाही, तिथे मी लॅपशिवाय दुसरा विचार करत नाही. पहिलं इंजिन करणाऱ्याने रिंगच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. चांगली रिंग करणं, तिचा ताण आणि तोंडाची फट जमवणं हे स्वतंत्र शिकायचं काम आहे.

तपासणीही दोघांची वेगळी. रिंगा न घालता ॲल्युमिनियमचा पिस्टन बोअरमधून सरळ खाली पडला तर घाबरू नका, तो तसाच पडायला हवा. बिडाच्या पिस्टनला पातळ तेलाचा हात फिरवा, सिलिंडरचं वरचं तोंड अंगठ्याने बंद करा आणि पिस्टन खालून दाबा. सोडल्यावर तो उसळून मागे यायला हवा. हळूहळू आत सरकत राहिला तर गळतोय. त्यावर आणखी घासून उपाय नाही, नवा पिस्टनच करावा लागतो. म्हणून चकमध्ये बीड धरलेलं असतानाच दोन पिस्टन टर्न करा, आणि दुसरा पहिल्यापेक्षा दोन शतांश मिलिमीटर मोठा सोडा.