शोभिवंत माशांचे दयामरण

फिश टँकमधल्या ज्या माशाचा आजार बरा होण्यातला राहिलेला नाही, त्याला आधी बेशुद्ध करून मग मरण देणे म्हणजे दयामरण. या क्रमावर सगळे अवलंबून असते. शुद्ध हरपल्यानंतर श्वास थांबला तर माशाला काही कळत नाही. शुद्धीत असताना थांबला तर तो गुदमरतो, आणि मासा ओरडत नसल्यामुळे ते घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही. माशांना वेदना जाणवते का, हा वाद जुना आहे. मात्र २००३ साली रेनबो ट्राउट माशाच्या डोक्याच्या भागात वेदना टिपणारे मज्जातंतू दाखवून देण्यात आले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातही माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ या व्याख्येत येतो आणि विनाकारण क्रूर रीतीने मारणे हा गुन्हा ठरतो.

निर्णय घेण्याआधी आजार नीट ओळखावा. साताऱ्याकडे थंडीत टाकीचे पाणी रात्रीतून गार पडते आणि माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. हा रोग औषधाने आणि हीटरने बरा होतो. पर कुजणे सुरुवातीलाच लक्षात आले तर पाणी बदलून आटोक्यात येते. पोट वर करून तरंगणारा गोल्डफिश पुष्कळदा फक्त बद्धकोष्ठाने तसा झालेला असतो. दोन-तीन दिवस उपास आणि मग सोललेला उकडलेला वाटाणा एवढ्याने तो सावरतो. अशा माशाला मारायची घाई करू नये. मात्र अंग फुगून खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले, पाठीचा कणा वाकून मासा खंगत चालला, गाठीमुळे तोंड मिटेना किंवा कित्येक दिवस त्याने खाणे सोडून एका कुशीवर तळ धरला, तर त्याला तसाच ठेवणे म्हणजे रोज थोडा थोडा त्रास देणे होय.

घरी करता येण्याजोगा भरवशाचा मार्ग लवंग तेलाचा. त्यातले युजेनॉल हे द्रव्य माशाला भूल देते आणि मात्रा वाढवली की श्वास थांबवते. दातदुखीसाठी मेडिकलमध्ये किंवा आयुर्वेदिक दुकानात मिळणारी छोटी बाटली चालते, पण ती निव्वळ लवंग तेलाची हवी. कापूर, पुदिना सत्त्व किंवा तिळाचे तेल मिसळलेली नको. पारख सोपी आहे. शुद्ध लवंग तेल पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे पेल्यात टाकलेला थेंब खाली जातो. तिळाचे तेल वर तरंगते.

टाकीतलेच एक लिटर पाणी काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत घ्यावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि तापमानातला फरक माशाला विनाकारण बिथरवतात. काच अशासाठी की कल्ल्यांची हालचाल बाजूने दिसावी. लवंग तेलाने थर्मोकोल आणि काही प्लास्टिक विरघळते, म्हणून वापरून फेकायचे पेले घेऊ नयेत. या एक लिटरला अर्धा मिलिलिटर तेल लागते. ड्रॉपरचे थेंब लहानमोठे पडत असल्यामुळे मोजणी चुकते; सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज वापरावी.

तेल थेट बरणीत ओतणे ही सर्रास होणारी चूक. थोडा तवंग वर पसरतो, बाकीचे थेंब तळाशी बसतात आणि मासा पोहतो त्या मधल्या पाण्यात औषध जवळजवळ नसतेच. तेलाचा थेंब कल्ल्याला लागला तर मासा उसळ्या मारतो. म्हणून तेल आधी छोट्या काचेच्या बाटलीत १०० मिलिलिटर कोमट पाण्याबरोबर घ्यावे, झाकण घट्ट लावावे आणि पाणी ताकासारखे पांढरट दिसेपर्यंत जोरात हलवावे. हे मिश्रण लवकर फुटते, म्हणजे तेल वेगळे होते. प्रत्येक वेळी ओतण्याआधी पुन्हा हलवावे.

मासा हळूच बरणीत सोडावा आणि त्याला थोडे स्थिरावू द्यावे. मग या ताकाचा पाचवा हिस्सा कडेने, सावकाश ओतावा. काही मिनिटांत पोहणे डगमगते, मासा कलंडतो, कल्ले संथ होतात. शेपटीच्या बुडाशी हलकेच चिमटा घेतल्यावरही तो हलला नाही, म्हणजे शुद्ध गेली. यानंतरच उरलेले सगळे ओतावे. पहिल्याच फटक्यात पूर्ण मात्रा दिली तर शुद्ध जाईपर्यंत मासा धडपडतो, आणि ते टाळण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

कल्ले थांबले की संपले, असे समजू नये. हा या कामातला सर्वांत मोठा धोका. लवंग तेल मुळात भुलीचे औषध आहे. घाईने बाहेर काढलेला मासा कचऱ्याच्या डब्यात शुद्धीवर येऊ शकतो. कल्ल्यांची शेवटची हालचाल दिसल्यापासून किमान १० मिनिटे मासा पाण्यातच ठेवावा, असा दंडक आहे. घरी अर्धा तास धरावा. मध्येच एखादा झटका आला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यावरूनही खूण पटते: शुद्धीतला मासा आडवा-तिरपा केला तरी त्याचा डोळा स्वतःची पातळी सावरायला फिरतो, खोल भुलीतल्या किंवा मेलेल्या माशाचा अंगाबरोबर जातो. हृदय मात्र त्यानंतरही काही काळ धडधडत राहते, त्याने गोंधळू नये.

फायटर आणि गुरामी हे मासे हवेतूनही श्वास घेतात. त्यांची शुद्ध जायला वेळ लागला तरी धीर धरावा. गोल्डफिश चिवट असतो, त्याला मात्रा आणि वेळ दोन्ही सढळ हाताने द्यावीत. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्नसारख्या मोठ्या माशाला बादलीभर पाणी आणि त्या प्रमाणात तेल लागते. दहा लिटरला पाच मिलिलिटर.

पशुवैद्य ट्रायकेन हे भुलीचे चूर्ण वापरतात, लिटरमागे २५० ते ५०० मिलिग्रॅम. ते पाणी आम्लधर्मी करते आणि कल्ले चुरचुरतात, म्हणून वजनाने तेवढाच किंवा दुप्पट खाण्याचा सोडा घालावा लागतो. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतल्या पशुवैद्यांचा रोजचा राबता गाई-म्हशींशी आणि शेळ्यांशी. मोठ्या किंवा महागड्या माशासाठी सल्ला हवा असल्यास सातारा जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

बर्फाचा उपाय फार मर्यादित आहे. झेब्रासारख्या, साधारण ३.८ सेंटिमीटरपर्यंतच्या उष्ण पाण्यातल्या माशापुरताच तो मान्य आहे: पाणी २ ते ४ अंश सेल्सियस, थर्मामीटरने मोजलेले, आणि बर्फाचा स्पर्श माशाला होता कामा नये. गोल्डफिश आणि कोई थंडी सोसणारे, त्यांना हा उपाय क्रूर ठरतो. वाटीतल्या पाण्यासकट मासा फ्रीझरमध्ये ठेवणे तर कोणत्याच माशाला करू नये. तो सावकाश गारठतो, आणि त्याला त्याची जाणीव राहते. उकळते पाणी, मीठ, सोडावॉटर, नुसती दारू, पाण्याबाहेर काढून ठेवणे, शौचकुपात सोडणे, हे सगळे यातनेचेच प्रकार.

‘मारवत नाही’ म्हणून आजारी मासा माहुलीच्या संगमावर किंवा सांगलीच्या घाटावर कृष्णेत सोडणारे लोक आहेत. त्यामागची भावना खरी असते, पण तो मासा नदीत हालहाल होऊन मरतो आणि त्याचा रोग, कधी त्याची परकी जात, नदीत उतरते.

मेलेला मासा हातभर खोल पुरावा, कुत्र्या-मांजरांनी उकरू नये इतका. तो मांजराला घालू नये. अंगात तेल मुरलेले असते. कणा वाकून खंगलेल्या माशात माशांच्या क्षयाचे जंतू असू शकतात आणि हाताच्या जखमेतून ते माणसाला त्वचारोग देतात, म्हणून हातमोजे घालावेत. जाळी आणि बरणी साबणाने, गरम पाण्याने धुवावी; लवंगेचा वास जात नाही तोवर त्या टाकीजवळ नेऊ नयेत.