पंच्याहत्तर सेकंदांना एक छर्रा

गेल्या नवरात्रात कालिकेच्या जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलपाशी भाची थांबली. तीन महिन्यांपासून ती क्लबात नेमबाजी शिकतेय, त्यामुळे आता तिला फुग्यांपेक्षा बंदुकीत जास्त रस. दहा छऱ्यांत सहा फुगे फुटले. परत येताना म्हणाली, "मामा, नेम तोच होता, पण दर वेळी छर्रा वेगळीकडे गेला." महिनाभराने तिने मला एका एअर रायफलीचा फोटो पाठवला. सेमी-ऑटोमॅटिक, दहा छऱ्यांचं मॅगझिन, दिसायला झकास. खाली एकच ओळ: "हीच घेऊया ना?"

तिला फोनवर नुसतं 'नको' म्हणणं बरं वाटलं नाही. नाशिकमध्ये दहा मीटर नेमबाजी शिकणारी मुलं वाढत आहेत, आणि पहिली रायफल घेताना बहुतेक पालक याच फोटोपाशी येऊन थांबतात.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपोआप भरली जाते. काडतुसाच्या रायफलीत हे काम जळलेल्या दारूचा वायूच करतो. गोळी नळीतून पुढे जात असताना नळीच्या एका बारीक छिद्रातून थोडा वायू बाजूला निघतो आणि एका दट्ट्याला ढकलतो. दट्ट्या बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे नेतो, रिकामं काडतूस बाहेर उडतं, आणि स्प्रिंग बोल्टला पुढे आणताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सारते. आपल्या सैन्याने आणि पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरलेली एसएलआर अशीच चालते. नावातच 'सेल्फ लोडिंग' आहे. एनसीसीत ज्यांनी .२२ चालवली असेल त्यांना मात्र दर गोळीला बोल्ट मागे-पुढे केल्याचं आठवत असेल. सैनिकी काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात येतात, तेव्हा त्या विकत घेण्याचा प्रश्नच नाही. भाचीने पाठवलेली होती दाबलेल्या हवेवर चालणारी. ४.५ मिलिमीटर नळी आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल, तर एअर रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही.

पण ती तिच्या खेळाला उपयोगाची आहे का? स्पर्धेचं घड्याळच याचं उत्तर देतं. दहा मीटर एअर रायफलच्या पात्रता फेरीत ६० छरे आणि ७५ मिनिटं असतात. म्हणजे एका छऱ्याला ७५ सेकंद. अंतिम फेरीतही एकेका छऱ्याला सरासरी ५० सेकंद मिळतात. छर्रा हाताने भरायला चार-पाच सेकंद पुरतात. ते वाचवून मिळवायचं काय? शिवाय नियमच असा आहे की रायफलीत एका वेळी एकच छर्रा भरायचा. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं, ते एकेक गोळी हाताने भरूनच. आपोआप भरणारं हत्यार खरोखर लागतं ते २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलाला. तिथे पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, आणि शेवटच्या टप्प्यात सगळे मिळून अवघे ४ सेकंद असतात. विजय कुमारने २०१२ साली लंडनला रौप्य घेतलं ते याच प्रकारात.

भाचीला आणखी एक गोष्ट सांगितली. शिशाचा छर्रा मऊ असतो आणि त्याची मागची कड, जिला स्कर्ट म्हणतात, कागदासारखी पातळ असते. हाताने भरताना वाकडी कड डोळ्याला दिसते आणि तो छर्रा बाजूला ठेवता येतो. यंत्राने ढकललेल्या छऱ्याची कड दबली तर ते कळतं थेट कागदावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

मग रायफलीत बघायचं काय? जाहिराती वेगाबद्दल बोलतात. माझ्या मते घ्यायचं असतं ते सातत्य. स्पर्धेची रायफल मुद्दाम संथ असते. साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा ती सेकंदाला १७०-१७५ मीटरने सोडते. जाहिरातीत मिरवणाऱ्या कित्येक स्प्रिंगवाल्या रायफली याहून बऱ्याच जोरकस असतात. दहा मीटर जायला त्या संथ छऱ्याला सेकंदाचे सहा शतांश लागतात, आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे १७ मिलिमीटर खाली ओढतं. हे १७ मिलिमीटर दर वेळी तेवढेच असले, तर नेम धरायच्या साइटची एकदा जुळवणी केली की काम झालं. पण एक छर्रा १७२ मीटरने गेला आणि पुढचा १६७ ने, तर दुसरा आणखी १ मिलिमीटर खाली लागतो.

१ मिलिमीटर म्हणजे काय, हे लक्ष्याचा कागद हातात घेतला की कळतं. मधला दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर. त्याभोवतीची वर्तुळं अडीच-अडीच मिलिमीटरने वाढत जातात, म्हणजे गुणाचा एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. वरच्या १ मिलिमीटरने चार दशांश गेले, तेही नेमबाजाची काही चूक नसताना. पॅरिसलाच एअर पिस्तुलात मनू भाकरचं रौप्य हुकलं ते ०.१ गुणाने. पिस्तुलाचं लक्ष्य मोठं असतं, तरीही ते अंतर १ मिलिमीटरच्या आतलंच.

आता जत्रेतल्या रायफलीकडे. ती स्प्रिंगची. नळी बिजागरीवर खाली वाकवताना आपण जाड स्प्रिंग दाबतो. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते आणि त्याच्यापुढची हवा एकदम दाबली जाते. जड दट्ट्या पुढे जातो, तेव्हा रायफल मागे सरकते. दट्ट्या टोकाशी पोचून दाबलेल्या हवेवर आदळतो, तेव्हा ती पुढे झटकते. आणि हा मागचा-पुढचा हिसका बसतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो! म्हणून स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली की नेम बिघडतो. ती सैल, दर वेळी त्याच जागी, त्याच दाबाने पेलायची आणि तिला हवा तसा धक्का घेऊ द्यायचा. या पकडीला नेमबाज 'आर्टिलरी होल्ड' म्हणतात. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, तेव्हा नाशिककरांना हे समजावणं सोपं. तोफेची नळी पक्की जखडलेली नसते, ती आपल्या पाळण्यावर मागे सरकून पुन्हा जागेवर येते. भाचीने स्टॉलवर बंदूक खांद्याशी गच्च दाबली होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. तिच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात होतं. उरलेलं निम्मं झिजलेल्या नळीत असावं.

स्प्रिंगची रायफल स्वस्त असते, सिलिंडर-पंपाची कटकट नसते, आणि ती पकड शिकवते. घरच्या सरावाला मी तिला वाईट म्हणणार नाही. पण तीन वर्षांपूर्वी मोठ्या भाच्यासाठी मी 'जास्त पॉवर'च्या नादाने जी घेतली, ती त्या मुलाच्या हातांना झेपेना. स्प्रिंग दाबतानाच तो थकायचा, आणि थकलेल्या हाताने नेम काय धरणार? ती चूक माझी होती, आणि पुन्हा करायची नव्हती.

कार्बन डायऑक्साइडच्या रायफलीही जुन्या बाजारात दिसतात. नाशिकच्या हवेत त्यांच्या वाटेला जाऊ नये. सिलिंडरमध्ये हा वायू द्रवरूपात असतो आणि दाब तापमानावर ठरतो: १० अंशांना सुमारे ४५ बार, २० ला ५७, ३० ला ७२. ३१ अंशांच्या वर तर द्रव उरतच नाही. निफाडकडची जानेवारीतली पहाट आणि एप्रिलची दुपार यांत एकाच रायफलीचे दोन वेगळे स्वभाव होतात. शिवाय भराभर छरे सोडले की वायू थंड होतो आणि दाब आणखी उतरतो.

म्हणून स्पर्धेत सगळीकडे पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. सिलिंडरमध्ये साधारण २०० बारने हवा भरलेली असते, पण ती थेट छऱ्यामागे जात नाही. मध्ये एक रेग्युलेटर असतो. सिलिंडरमधला दाब ठरलेल्या दाबाच्या वर आहे तोवर, तो उतरत गेला तरी, रेग्युलेटर पुढच्या छोट्या कप्प्यात दर वेळी ठरलेल्या दाबाचीच हवा सोडतो. घरच्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर हेच करतो. रायफलीतला खरा पैसा इथे आणि चापात जातो. जड दट्ट्या नसल्याने धक्का जवळपास जाणवत नाही. हवा भरताना एक काळजी घ्यावी. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर ओलावाही आत जातो आणि सिलिंडर आतून गंजू शकतो, तेव्हा क्लबातली कोरडी हवाच बरी. जुनी पीसीपी घेताना सिलिंडरवर कोरलेलं वर्ष आधी वाचावं. अनेक कंपन्या दहा वर्षांनंतर सिलिंडर वापरू नका म्हणतात, आणि २०० बारच्या बाबतीत हे मनावर घ्यायलाच हवं.

वजनाची कमाल मर्यादा साडेपाच किलो आहे; बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तेवढी जड घेऊन देऊ नये. दस्त्याची लांबी आणि गालाची पट्टी सरकती असली की एकच रायफल चार वर्षं पुरते. नेमाचा डोळा डावा असेल तर डावखुरा दस्ता लागेल, हे दुकानात जाण्याआधीच तपासा. आणि छर्रा शिशाचा आहे: सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही, हा आमच्याकडे नियमच आहे.

शेवटी क्लबातल्याच एकाची वापरलेली पीसीपी पाहायला गेलो. भाचीच्या हातात लगेच दिली नाही. आधी शिकंजात पक्की आवळली आणि एकाच डबीतले दहा छरे दहा मीटरवर सोडले. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दहांचं मिळून एक भोक पडलं, जेमतेम सात मिलिमीटर रुंद. मग डबी बदलली. या छऱ्यांचं डोकं ४.४९ मिलिमीटर, आधीच्यांचं ४.५०. रायफल तीच, शिकंजा तोच, हवा तीच. भोक सहाच्याही आत आलं. भाचीने दोन्ही कागद उजेडासमोर एकावर एक धरले, आरपार पाहिलं, आणि दुसऱ्या डबीवर पेनाने स्वतःचं नाव घातलं.