चांदण्यातलं ड्रेस्डेन: डालच्या चित्रामागचा इतिहास

एल्बे नदी, तिच्यावरचा कमानींचा ऑगस्टस पूल, फ्राउएनकिर्खे चर्चचा भव्य घुमट आणि या सगळ्यावर पसरलेलं चांदणं. योहान क्रिस्तियान डालने १८३९ मध्ये रंगवलेलं जर्मनीतलं हे ड्रेस्डेन पाहताना मन आधी चंद्राकडेच धावतं. मला मात्र या चित्राचं खरं मोठेपण त्या चंद्राखालच्या गावात दिसतं.

नदीकाठावरून ड्रेस्डेन रंगवण्याची परंपरा डालच्या या चित्राच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची. व्हेनिसचा बर्नार्दो बेलोत्तो १७४७ मध्ये सॅक्सनीच्या, म्हणजे ड्रेस्डेन जिची राजधानी त्या राज्याच्या, दरबारी आला आणि पुढच्याच वर्षी त्याने एल्बेच्या उजव्या काठावरून शहर चितारलं. दिवसाचा स्वच्छ उजेड, खिडकीन्‌खिडकी मोजून घ्यावी इतका काटेकोरपणा. दरबारी चर्चचा मनोरा तेव्हा बांधून व्हायचा होता, तर त्याच्याभोवतीची बांधकामाची परांचीही बेलोत्तोने सोडली नाही.

डालचा जन्म १७८८ चा, नॉर्वेतल्या बर्गनचा. बाप मासेमार. कोपनहेगनच्या अकादमीत शिकून तो १८१८ मध्ये ड्रेस्डेनला आला आणि तिथे त्याची कास्पार दाविद फ्रीडरिखशी गाठ पडली. १८२३ पासून दोघं एल्बेकाठच्या एकाच घरात राहू लागले. फ्रीडरिख हा चंद्रप्रकाशाचा चित्रकार. चंद्राकडे पाहत उभ्या असलेल्या दोन पुरुषांचं त्याचं प्रसिद्ध चित्र डालच्याच संग्रही होतं. पण फ्रीडरिखच्या निसर्गात माणूस बहुधा पाठमोरा, एकटा आणि अनंताकडे तोंड करून उभा असतो. डालने मित्राकडून चंद्र घेतला, एकाकीपण घेतलं नाही. त्याच्या गावात दिवे लागलेले आहेत, काठावर माणसांचा वावर आहे आणि इमारती ओळखू याव्यात इतक्या नेमक्या आहेत. बेलोत्तोचं गाव आणि फ्रीडरिखचं आभाळ इथे एकत्र आलं आहे.

आभाळाचा अभ्यास मात्र त्याचा स्वतःचा. उघड्यावर बसून ढगांची झटपट तैलरेखाटनं करायची सवय त्याने वर्षानुवर्षं जपली होती. म्हणून या चित्रातले ढग नाटकाच्या पडद्यासारखे वाटत नाहीत. त्यांच्या कडांवर उजेड कुठे थांबतो हे पाहण्यात बराच वेळ घालवावा.

काळही लक्षात घ्यायला हवा. त्याच १८३९ मध्ये लाइपझिग ते ड्रेस्डेन रेल्वे पूर्ण झाली. एल्बेवर आगबोटी तर त्याआधीच फिरू लागल्या होत्या. डालला जुन्या वास्तूंची कळकळ होती. नॉर्वेतली मध्ययुगीन लाकडी चर्च पाडली जात होती, तेव्हा त्याने त्यांच्यावर सचित्र ग्रंथ काढला. १८४१ मध्ये त्यांतलंच वांग गावचं चर्च त्याने लिलावात घेतलं आणि पुढे ते सुटं करून प्रशियाच्या राजाकडे पाठवलं गेलं. आज ते पोलंडमध्ये उभं आहे. हे ठाऊक असलं की ड्रेस्डेनचे घुमट-मनोरे त्याने इतक्या निगुतीने का रंगवले, ते कळतं.

फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावानंतर फ्राउएनकिर्खे कोसळलं. पुन्हा बांधून २००५ मध्ये ते खुलं झालं. डालचं चित्र ड्रेस्डेनच्याच आल्बर्टिनम या संग्रहालयात आहे. तिथून तो घुमट चालत पाच-दहा मिनिटांवर, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी पाहावीत, आणि आधी चित्र.